गाडीचा पट्टा

पिठाच्या गिरणीचा पट्टा तुम्ही पाहिला असेल. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला जाते आणि मध्ये पट्टा. पट्टा निसटला की इंजिन धडधडत राहते, पण जाते उभे. बाया डबे घेऊन ताटकळत बसतात. आपल्या वऱ्हाडातल्या कापसाच्या जिनांतही पूर्वी असेच पट्टे होते. एका लांब दांड्यावर पुल्या बसवलेल्या असत आणि त्यांवरून एकेका यंत्राकडे पट्टा उतरे.

मोटारीतही असा पट्टा असतो. तो चाके फिरवत नाही, हे आधी लक्षात घ्या. बॉनेट उघडले की इंजिनाच्या तोंडाशी पुल्यांवर चढवलेला काळा रबरी पट्टा दिसतो. तोच हा. जुन्या जीपमध्ये तो तीन कामे करी. पंखा फिरवी, पाण्याचा पंप चालवी आणि वीज करणारा डायनामो फिरवी. म्हणून लोक त्याला पंख्याचा पट्टा म्हणू लागले. आता बऱ्याच गाड्यांत पंखा विजेवर चालतो आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आहे. गार हवेचे यंत्रही याच पट्ट्यावर चालते. म्हणजे पट्टा एकच, पण त्याच्यावरचे ओझे वाढले.

आता असे समजा, मार्च महिना आहे. मृग बहाराची संत्री गाडीत भरून चांदूर बाजारचा एक माणूस अमरावतीला निघाला. दुपारची वेळ. वाटेत फट्‌ असा आवाज झाला आणि समोरच्या काचेखाली एक लाल दिवा लागला. दिव्यावर बॅटरीचे चित्र. माणूस म्हणतो, "बॅटरीचाच तं दिवा हाय! अमरावतीले गेल्यावर पाहू." गाडी तर चालतेच आहे. मग थांबायचे काहून?

इथेच घात होतो. पट्टा तुटला की अल्टरनेटर थांबतो, म्हणून तो दिवा लागतो. पण बहुतेक गाड्यांत त्याच वेळी पाण्याचा पंपही थांबलेला असतो. इंजिनात पाणी खेळत नाही. काटा वर चढतो, थोड्या वेळात वाफ निघते. तरीही गाडी रेटली तर इंजिनाचे हेड वाकते. पट्टा काही शे रुपयांत येतो. वाकलेल्या हेडचे काम हजारांत जाते, आणि माल उन्हात राहतो तो वेगळाच. काही गाड्यांत पाण्याचा पंप या पट्ट्यावर नसतो, हे खरे. पण आपली गाडी त्यांतली आहे की नाही, हे रस्त्यावर ठरवता येत नाही. चालताना लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मग बॉनेट उघडा. रेडिएटरचे टोपण मात्र लगेच उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते. ते उसळून तोंडावर येते. इंजिन पुरते निवू द्या. तापल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका.

पट्टा बहुधा सांगून तुटतो. सकाळी गाडी सुरू करताना चीं चीं आवाज येतो. गार हवा लावली की तो वाढतो. पट्टा सैल आहे, झिजला आहे किंवा त्याला तेल लागले आहे, असा त्याचा अर्थ. काही जण आवाज बंद करायला पट्ट्याला साबण किंवा ग्रीस लावतात. आवाज जातो, पट्टाही जातो. तेल गळत असेल तर ते आधी बंद करा.

पंधरा दिवसांतून एकदा पट्टा पाहावा. इंजिन बंद, किल्ली खिशात. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, म्हणून बोटे त्यापासून दूर ठेवा. दुपट्टा, शेला, पदर नीट खोचून घ्या. पट्ट्याची आतली बाजू उजेडात धरून पाहा. आडव्या भेगा आहेत काय? कडेचे धागे सुटले काय? जागोजागी रबर तुटले काय? एकही खूण दिसली तर पट्टा बदलण्याच्या लायकीचा झाला. नव्या जातीच्या रबराला भेगा लवकर पडत नाहीत. त्याच्या खाचा झिजून रुंद होतात, तेव्हा डोळ्यांबरोबर नखानेही तपासा. आणि गाडीच्या पुस्तकात किती किलोमीटरला पट्टा बदलावा ते दिलेले असते. ते वाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. तो यायच्या आत हे काम उरकावे.

दुकानात जाताना जुना पट्टा सोबत न्या. त्याच्या पाठीवर आकडा असतो. समजा, ६ पीके १०७० असे लिहिले आहे. पहिल्या ६ चा अर्थ, पट्ट्याला लांबीभर सहा उभ्या धारा आहेत. पी आणि के ही इंग्रजी अक्षरे पट्ट्याची जात सांगतात. १०७० ही लांबी, मिलिमीटरमध्ये. दुकानदार "हाही चालते" म्हणून दुसरा पट्टा पुढे करील. तुम्ही आकडा वाचा आणि जुळला तरच घ्या. आकडा पुसला असेल तर गाडीचे नाव आणि साल सांगा.

जुन्या जीपला पट्टा घरी घालता येतो. आधी बॅटरीची ऋण तार काढा. डायनामोचे बोल्ट सैल करून त्याला इंजिनाकडे ढकला, म्हणजे पट्टा ढिला होतो. पंख्याच्या एकेका पात्यावरून तो बाहेर काढा. पुल्या हाताने फिरवून पाहा. खरखर लागली तर बेअरिंग गेले आहे. ते न बदलता घातलेला नवा पट्टा फार टिकत नाही. नवा पट्टा पेचकसाने ताणून चढवू नका. आतले धागे तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. पट्टा घालून झाला की डायनामो बाहेर ओढून बोल्ट आवळा. मग पुल्यांमधल्या लांब जागी अंगठ्याने दाबा. साधारण एक ते दीड सेंटीमीटर दबावा. जास्त दबला तर पट्टा घसरतो, कमी दबला तर बेअरिंग खातो. या जातीचा पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही कडांनी धरतो. तो खाली खाचेच्या बुडाला टेकत असेल तर कितीही ताणला तरी घसरणारच. तो झिजला तरी आहे, नाहीतर चुकीच्या मापाचा आहे.

नव्या गाडीचा पट्टा अनेक पुल्यांवरून नागमोडी जातो आणि स्प्रिंगचा टेन्शनर त्याला ताणून धरतो. तो मिस्त्रीकडूनच बदलून घेतलेला बरा. तरी जुना पट्टा काढण्याआधी त्याची वाट कागदावर काढून ठेवा. वाट चुकली तर पाण्याचा पंप उलटा फिरू शकतो. नवा पट्टा बसला की प्रत्येक धार आपल्या खाचेत आहे ना, हे स्वतः वाकून पाहा. एक खाच जरी सरकली तरी पट्टा थोड्या वेळात चिंध्या होतो. मग इंजिन सुरू करून थोडा वेळ चालू द्या, बंद करा आणि पुन्हा एकदा पाहा. जीपचा नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत थोडा ढिला होतो. तो परत ताणून घ्यावा लागतो.

जुना पट्टा अगदीच फाटला नसेल तर डिकीत ठेवा. चिखलदऱ्याच्या घाटात दुकान नाही.