मोबाईलच्या तासाला

नववी-दहावीच्या वर्गांवर मी अधूनमधून ‘मोबाईलचा तास’ घेतो. वेळापत्रकात तो नाही; ऑफ तास मिळाला की घ्यायचा, नाहीतर शनिवारी सकाळच्या शाळेत. तिथे जे उमगलं, ते असं.

१. पोरं फसवणाऱ्याला जितकी घाबरतात, त्याहून जास्त घरच्यांना. एका मुलीचा फोटो लावून कुणीतरी बनावट खातं उघडलं आणि तिलाच धमकावू लागलं. ती गप्प राहिली. कारण विचारलं तर म्हणाली, “पप्पा फोन काढून घेतील, मग शाळाही बंद.” धमकावणाऱ्याचा सगळा धंदा याच भीतीवर चालतो. म्हणून पालकसभेत मी आधी एवढंच सांगतो: लेकरू सांगायला आलं तर ऐकून घ्या, फोन हिसकावू नका. आणि लाजेपोटी चॅट पुसू देऊ नका, तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट काढा, खात्याची लिंक जपून ठेवा. पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो तर मुळीच नाहीत. घरी बोलायची सोय नसेल त्या मुलांसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असतो.

२. “सावध राहा” म्हणून कुणी सावध होत नाही. व्यवहार कसा चालतो ते दाखवावं लागतं. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे एकदा डोक्यात बसलं की “क्यूआर स्कॅन करा, तुमच्या खात्यात पैसे येतील” म्हणणारा तिथेच उघडा पडतो. गावातल्या दुकानांत संध्याकाळी गल्ल्यावर बसणारी पोरं माझ्या वर्गात आहेत. त्यांना हे पुस्तकातल्या धड्यापेक्षा लवकर कळतं. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन. उशीर झाला की रक्कम या खात्यातून त्या खात्यात पळते आणि बँकेला अडवायला काही उरत नाही.

३. “तुझं खातं थोडे दिवस वापरायला दे, हजार रुपये देतो.” अकरावी-बारावीच्या पोरांना अशी गळ घातली जाते. फसवणुकीची रक्कम त्या खात्यातून फिरते आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात, हे त्यांना कुणी सांगत नाही.

४. आमच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा शिकवल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज त्याआधी मोबाईलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. हे सांगून झालं की मी विचारतो: नुसता मेसेज पुढे ढकलणाऱ्याचा यात हात किती? दरवेळी वर्गात दोन तट पडतात आणि घंटा झाली तरी भांडण मिटत नाही. मी निवाडा देत नाही. पण पुढच्या वेळी एखादा व्हिडिओ दाखवला की “कुठला? कधीचा?” हे प्रश्न आपोआप येतात.

५. वर्गातल्या कुणाच्या फोटोचं स्टिकर करणं ही चेष्टा नाही. अठराच्या आतल्या मुलामुलीचा अश्लील फोटो नुसता पुढे पाठवणं हाही गुन्हाच. इथे मी चर्चा ठेवत नाही, सांगून मोकळा होतो.

६. मोठ्यांना यातलं कमी कळतं, असं माझं मत होत चाललंय. दहावीच्या पोरीचं हॉल तिकीट कौतुकाने स्टेटसला ठेवणारे पालक दरवर्षी भेटतात. बोर्डाचा निकाल पाहायला लागतं काय, तर सीट नंबर आणि आईचं नाव. दोन्ही हॉल तिकिटावर छापलेलं. एकीचा निकाल असाच ती घरी भांडी घासत असताना अर्ध्या गल्लीने पाहिला, आणि गणिताचे मार्क तिला शेजारच्या काकूंकडून कळले.