सीमारेषेवरील एक प्रसंग

माझे वडील सुनील गावसकरांचे निस्सीम चाहते. तथापि फेब्रुवारी 1981 मधील मेलबर्न कसोटीचा विषय निघाला की ते मौन धरीत. पहिल्या डावात भारत 182 धावांनी मागे पडला होता. दुसऱ्या डावात कर्णधार गावसकर व चेतन चौहान यांनी 165 धावांची सलामी दिली, तोच लिलीच्या चेंडूवर पंचांनी गावसकरांस पायचीत ठरविले. चेंडू आधी बॅटला लागला, अशी त्यांची खात्री होती. संतापाच्या भरात त्यांनी बाद नसलेल्या चौहानांसही आपल्याबरोबर चालविले!

खेळण्यास नकार देणाऱ्या संघाच्या हातून सामनाच जातो. अपमान एकाचा, दंड मात्र अकरा जणांस. वडिलांची खंत ती हीच. व्यवस्थापक दुराणी यांनी चौहानांना सीमेवरून परत धाडले, म्हणून बरे. पुढे 143 धावांचे लक्ष्य असता ऑस्ट्रेलियाचा डाव 83 धावांत आटोपला. मांडी दुखावलेल्या कपिल देवने पाच गडी टिपले व मालिका बरोबरीत सुटली.

गावसकरांनी ती चूक कालांतराने स्वतः कबूल केली. वडिलांनी ती बातमी दोनदा वाचली, आणि कात्रण काढून जुन्या वहीत, गावसकरांच्या छायाचित्राशेजारी, चिकटविले.