घोडा, नजराणा आणि मणी

(चित्रांतून सांगितलेल्या गोष्टीत प्रत्येक वस्तूला अर्थ असतो. तो अर्थ कसा शोधावा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुरूड, दिघी, श्रीवर्धन ही आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरची गावे. पूर्वी येथील होड्या शिडावर चालत. स्वातंत्र्यानंतर होड्यांना यंत्रे बसू लागली आणि घराघरांत प्रश्न उभा राहिला : आजोबांचे शीड राखायचे की नातवाचे यंत्र आणायचे?

जुने आणि नवे यांचा हा प्रश्न लोककथांतही आढळतो. याच किनाऱ्याने दक्षिणेकडे गेले, की सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव लागते. तेथील ठाकर समाजाचे कलावंत कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक दाखवतात आणि गाऊन गोष्ट सांगतात. या कलेला 'चित्रकथी' म्हणतात. चित्रकथी परंपरेत बभ्रुवाहनाची गोष्ट सांगितली जाते.

बभ्रुवाहन हा मणिपूरचा तरुण राजा, अर्जुन आणि चित्रांगदा यांचा मुलगा. पांडवांचा यज्ञाचा घोडा त्याच्या राज्यात आला. त्याने तो धरला. पण घोड्यामागे आपले वडील आहेत हे कळताच तो नजराणा घेऊन त्यांच्यापुढे नम्रपणे उभा राहिला. अर्जुनाने मात्र त्याचा अपमान केला. मग युद्ध झाले आणि मुलाच्या बाणाने वडील पडले. बभ्रुवाहनाला फार दुःख झाले. तो पाताळात गेला, नागांशी लढला आणि जीव परत आणणारा मणी घेऊन आला. अर्जुन पुन्हा उठला.

आता या वस्तूंचा अर्थ पाहू. घोडा म्हणजे जुनी सत्ता. तो जाईल तेथे सर्वांनी मान झुकवावी, असा त्याचा नियम. नजराणा म्हणजे तरुणाचा आदर. लक्षात घ्या, तरुणाने आधी नजराणा आणला, बाण नंतर उचलला. मणी म्हणजे कष्टाने मिळवलेली नवी शक्ती. त्या शक्तीने तरुणाने जुन्याला पुन्हा उभे केले.

तुम्हांला रुस्तुम आणि सोहराब यांची कथा ठाऊक असेल. फिरदौसीच्या 'शाहनाम्या'तील ही कथाही चित्रकारांनी अनेकदा रंगवली. तेथे बापाच्या हातून मुलगा पडतो. मुलाच्या दंडावरची खूण रुस्तुमला उशिरा दिसते. तो बादशहा कैकाऊसकडे औषध मागतो. पण हे दोन वीर एकत्र आले तर आपले सिंहासन जाईल, या भीतीने बादशहा औषध देत नाही. सोहराब मरतो.

एका कथेत तरुण मणी आणतो, म्हणून जुने वाचते. दुसऱ्या कथेत म्हातारी सत्ता औषध अडवते, म्हणून नवे मरते. दोन्ही कथांत वडीलधाऱ्यांनी मुलाला वेळेवर ओळखले नाही. दोष तेथे आहे.

पिंगुळीची कलाही अशीच टिकली. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात या चित्रांचे संग्रहालय उभारले. 2021 साली त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली. जुनी चित्रे नव्या जागेत आली, म्हणून ती आज मुलांना पाहता येतात.

आपल्या होडीचेही तसेच. यंत्र नातवाने आणले, पण पाण्याखालचा खडक कोठे आहे, हे आजोबांना ठाऊक असते. दोघे एका होडीत बसले, तरच होडी सुखरूप बंदरात येते.

शब्दार्थ : नजराणा – मान देण्यासाठी दिलेली भेट, पाताळ – जमिनीखालचा लोक, सत्ता – हुकूमत, खूण – निशाणी.

स्वाध्याय
1. घोडा व मणी यांचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
2. बादशहाने औषध का दिले नाही?
3. तुमच्या घरातील एक जुनी रीत लिहा. तिच्यातील काय ठेवाल, काय बदलाल?