भोंग्याची पिढी आणि भ्रमणध्वनीची पिढी

नागपूर येथे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. प्रौढ कामगारांच्या कामाच्या तासांना तेव्हा कायद्याची मर्यादा नव्हती. कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी ती १९११ मध्ये दिवसाला बारा तास ठरली. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ती आठवड्याला ४८ तास होती. गैरहजेरीला केवळ दंड हा उपाय नव्हे, हे ओळखून या गिरणीने १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी स्थापन केला.

त्या पिढीचा शीण प्रामुख्याने शरीराचा होता. भोंगा झाला की काम निदान गिरणीतच राहत असे. (स्त्री कामगाराची दुसरी पाळी मात्र घरी चुलीपाशी सुरू होई.) २००२ मध्ये गिरणी बंद झाली. आज मिहानमधील संगणक अभियंत्याचे काम भ्रमणध्वनीतून त्याच्या घरात शिरते. शक्तिपात, कामाविषयी तुटलेपणा आणि घटलेली कार्यक्षमता या लक्षणांच्या अवस्थेस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोग न म्हणता व्यवसायजन्य स्थिती मानले, हे लक्षणीय आहे. कारण मग दोष एकट्या कर्मचाऱ्याच्या मनोबलाचा उरत नाही.

राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून कार्यालयांस पाच दिवसांचा आठवडा दिला व रोजची वेळ वाढविली. उशिरापर्यंत बसणे ही ज्येष्ठांना निष्ठा वाटते, तरुणांना नियोजनाचा अभाव. तरुणांचे म्हणणे अधिक रास्त आहे. शनिवारी धाडलेला ‘तातडीचा’ संदेश ती सुट्टी परत घेतो. शाळा, रुग्णालये आणि पाणीपुरवठा यांना तर ती मुळातच लागू नाही.