मठातून आलेली बाटली

प्रश्न : मुलाने कोलोनहून एक बाटली पाठवली आहे. वर तीन नन्सचं चित्र. ‘मठातलं जुनं औषध आहे, आजीला झोप लागत नाही तर रोज चमचाभर दे,’ असं त्याचं म्हणणं. शेजारीण म्हणते, ही सगळी मठाच्या नावावर चाललेली विक्री. खरं काय? आणि सासूबाईंना द्यावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या बाटलीची गोष्ट मठ बंद पडण्यापासून सुरू होते. मारिया क्लेमेंटिने मार्टिन १७७५ साली ब्रुसेल्समध्ये जन्मली आणि ऐन तारुण्यात नन झाली. नेपोलियनच्या धामधुमीत जर्मन मुलखातले मठ सरकारजमा झाले आणि तिच्यावर बाहेर पडायची पाळी आली. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईतल्या जखमींची तिने शुश्रूषा केली. प्रशियाच्या राजाने त्याबद्दल तिला निवृत्तिवेतन दिलं. पन्नाशी उलटल्यावर, १८२६ मध्ये, कोलोनला येऊन तिने मेलिसाचा अर्क विकायला सुरुवात केली. डोक्यावरचं छप्पर गेलेल्या एका बाईने हातातल्या विद्येवर उभा केलेला हा धंदा आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

कृती तिच्या एकटीची नव्हे. पॅरिसचे कार्मेलाइट साधू सतराव्या शतकातच मेलिसाचं पाणी करत होते. मेलिसा हे पुदिन्याच्या कुळातलं रोप. पान चुरडलं की लिंबाचा वास येतो. आपल्या गवती चहाला जो वास असतो त्याचा आणि याचा मूळ घटक एकच, सिट्रल. बाटलीत एकूण तेरा वनस्पती आहेत. त्यांची यादी वाचताना मला आपला मसाल्याचा डबाच उघडल्यासारखं वाटलं : आलं, लवंग, मिरे, दालचिनी, जायफळ, वेलदोडा, कोळिंजन. ‘युरोपच्या मठातलं’ म्हणतो त्या औषधाचा निम्मा माल आशियातून जहाजांनी गेलेला.

आता शेजारणीचं म्हणणं. मठाचं नाव लावून चहा, साबण, मलमं पुष्कळ विकली जातात आणि त्यांतल्या कित्येकांचा जुन्या पोथ्यांशी काडीचा संबंध नसतो. म्हणून मठातल्या वैद्यकाचं खरं पुनरुज्जीवन मला दुकानापेक्षा ग्रंथालयात दिसतं. जर्मनीत व्युर्ट्सबुर्ग विद्यापीठात १९९९ पासून मठवैद्यकावर संशोधन करणारा एक गट या पोथ्या वाचत आला आहे. लॉर्शच्या मठात इ. स. ८०० च्या सुमारास लिहिलेलं औषधांचं हस्तलिखित आज बाम्बेर्गला आहे. त्याच्या सुरुवातीलाच लिहिणाऱ्याने बाजू मांडली आहे, की रोग्याला बरं करणं म्हणजे देवाच्या इच्छेत ढवळाढवळ नव्हे. एवढं पटवून द्यावं लागत होतं, तेव्हा कुठे औषध लिहिता येत होतं!

अशा वाचनात पहिली अडचण नावांची. पोथीतलं नाव म्हणजे आजची नेमकी कोणती वनस्पती, हेच आधी ठरवावं लागतं. शिवाय गुणही बदलतात. निर्गुडीची युरोपातली बहीण ‘साधूंची मिरी’ म्हणून ओळखली जाई. कामवासना शमवायला साधू तिची फळं खात. आज त्याच फळांचा अर्क जर्मन औषधांच्या दुकानांत पाळीपूर्वीच्या त्रासावर मिळतो. झाड तेच राहिलं, रोगी मात्र पार बदलला.

काही झाडं तर परत आणूच नयेत. आपल्या सापसंदाच्या जातीची एक वनस्पती युरोपातल्या मठांच्या बागांत औषधी म्हणून लावत. तिच्यातल्या आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात आणि कर्करोगही होतो. जर्मनीने १९८१ मध्ये असली औषधं बंद केली. शेकडो वर्षांच्या वापरात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण अपाय दिसायला वर्षं लागतात.

तेव्हा खोक्यावरचं चित्र सोडा, मजकूर वाचा. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाप्रमाणे तीस वर्षं वापरात असलेल्या, त्यातली निदान पंधरा वर्षं संघातच वापरल्या गेलेल्या औषधाची ‘पारंपरिक’ म्हणून नोंद होऊ शकते. माल शुद्ध आणि निर्धोक असल्याचं दाखवावं लागतं. गुण मात्र दीर्घ वापरावरून मान्य केला जातो, रोग्यांवरच्या चाचण्या मागितल्या जात नाहीत. औषध म्हणून न विकलेल्या साबणाला किंवा चहाला हा नियमही लागत नाही.

सासूबाईंना चमचाभर तसंच मुळीच देऊ नका. त्या अर्कात ७९ टक्के अल्कोहोल आहे, व्हिस्कीच्या जवळजवळ दुप्पट. जर्मनीतही तो भरपूर पाणी घालूनच घेतात. झोपेची, रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल, यकृताचा त्रास असेल, तर पोटात नकोच. झोप का उडाली हे आधी डॉक्टरांना विचारा. दुखरे गुडघे, पाठ चोळायलाही हा अर्क वापरतात. कातडी फाटलेली नसेल तर तेवढं जरूर करा. आणि रात्री काही गरम हवंच असेल तर कुंडीतली गवती चहाची दोन पाती तोडा.