घराचा गारवा आणि विजेचा खर्च

उन्हाळा आला कीं घरोघर एकच तक्रार ऐकूं येते : खोलींत बसवत नाहीं! मग पंखा, कूलर, वातानुकूल यंत्र यांच्या कळा दाबल्या जातात आणि महिनाअखेर विजेचें बिल पाहून वडील मंडळी कपाळाला हात लावतात. गारवाही मिळावा आणि उधळपट्टीही होऊं नये, हें कसें साधावें, याचा थोडा विचार आपण येथें करूं.

मनुष्यदेह ही एक अखंड पेटलेली शेगडी आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्याच्या अंगांतून सुमारें १०० वॉट उष्णता सतत बाहेर पडत असते. ती सहज निघून गेली म्हणजे बरें वाटतें. अडली म्हणजे जीव कासावीस होतो. म्हणून सुख केवळ हवेच्या तपमानावर अवलंबून नसतें. हवेंतील दमटपणा, वारा, तापलेल्या भिंती व अंगावरील कपडे हींही त्याचीं कारणें होत.

पंखा खोली थंड करीत नाहीं. तो आपला घाम वाळवितो. तेव्हां रिकाम्या खोलींत पंखा फिरत ठेवणें म्हणजे निव्वळ अपव्यय होय. कूलरचें तत्त्वही वाळणाऱ्या पाण्याचेंच. एक लिटर पाणी वाळतांना सुमारें २४०० किलोजूल, म्हणजे विजेच्या दोन-तृतीयांश युनिटाइतकी, उष्णता शोषून घेतें. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यांत वाळ्याचे पडदे व कूलर सुख देतात तें यामुळेंच. मुंबईच्या दमट हवेंत पाणी लवकर वाळत नाहीं. म्हणून तेथें कूलरचा फारसा उपयोग होत नाहीं.

आतां हिशेब पाहूं. साधा पंखा सुमारें ७५ वॉट वीज घेतो. दीड टनाचें वातानुकूल यंत्र जोरांत चालतांना सुमारें १५०० वॉट घेतें. म्हणजे एका यंत्राच्या विजेवर २० पंखे फिरतील! महाराष्ट्रांतील बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी यांसारख्या ठिकाणीं कोळसा जाळून होते. तेव्हां आपली कळ आणि तेथील धूर यांचा संबंध विसरतां कामा नये.

मग उपाय कोणता? उष्णता आंत आल्यावर तिला हांकलण्यापेक्षां ती येऊंच न देणें स्वस्त पडतें. देशावरील जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि मातीचें माळवद सावकाश तापत. दुपारचें ऊन आंत पोंचेपर्यंत सायंकाळ होई. आजचें सिमेंटचें उघडें छत दिवसभर तापतें आणि रात्रीं तीच धग खालीं सोडतें. त्यावर पांढरा चुना द्यावा. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून तट्टी किंवा पडदा लावावा. आंतला पडदा ऊन अडवितो खरा, पण तोंवर उष्णता घरांत शिरलेली असते. दुपारीं खिडक्या मिटाव्या, रात्रीं समोरासमोरच्या उघडाव्या.

एवढें करूनही यंत्र लागल्यास तें जपून वापरावें. भारत सरकारच्या नियमानें जानेवारी २०२० पासून खोलीचीं नवीं वातानुकूल यंत्रें आरंभीं २४ अंशांवर लावलेलीं येतात. तपमान एक अंशानें वाढविल्यास सुमारें ६ टक्के वीज वांचते, असें ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचें सांगणें आहे. १८ अंशांवर यंत्र लावून पांघरूण घेणें हें शहाणपण नव्हे.

परंतु काटकसरीलाही विवेक हवा. तान्हें मूल, वृद्ध आजी-आजोबा, रुग्ण यांना उष्णतेचा धोका अधिक. हवा अंगाहून फार तापली म्हणजे पंखा गरम झळाच अंगावर आणतो. अशा वेळीं त्यांना पाणी पाजावें, ओल्या फडक्यानें अंग पुसावें आणि यंत्र असल्यास बिलाकडे न पाहतां तें लावावें. वीज वांचवावयाची ती चैनींतून. जिवाच्या गरजेंतून नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. एकाला बाहेरून चुना लावा, दुसऱ्याला काजळी. दोन्ही झांकून उन्हांत ठेवा आणि तासाभरानें आंतील तपमान मोजा. जें दिसेल तें घरीं सांगा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण विजेलाही लागू आहे. आणि छताला चुना देण्याइतकें अंथरूण बहुतेक घरीं असतें.