कुशल हात आणि सुज्ञ वाणी

शास्त्रवाचन : १ शमुवेल १६:१४-२३



नोकरीच्या जाहिरातीत शिक्षण, अनुभव व संगणकाचे ज्ञान एवढेच बहुधा मागितलेले असते. मुलाखत घेणारा मात्र मनात आणखी एक प्रश्न तोलत असतो : हा आमच्या माणसांत मिळूनमिसळून काम करील काय? उत्तम गुण मिळवूनही आपल्या मंडळ्यांतील कित्येक मुलेमुली याच ठिकाणी अडखळतात आणि 'देवाची इच्छा नव्हती' असे म्हणून स्वस्थ बसतात. या प्रश्नाकडे आज आपण शास्त्राच्या प्रकाशात पाहू.

१. मागणी एका गुणाची, शिफारस अनेकांची

शौल राजाने केवळ चांगला वादक मागितला (वचन १७). परंतु सेवकाने दाविदाची शिफारस करताना वादनासोबत त्याचे शौर्य, त्याचे समंजस बोलणे आणि त्याला लाभलेले परमेश्वराचे सान्निध्य यांचाही उल्लेख केला (वचन १८). येथे वादनकौशल्य प्रथम आहे, हे विसरू नका. ज्याला वीणा वाजविता येत नाही, त्याच्या गोड बोलण्याने शौलाला आराम पडला नसता. पण त्रस्त व संतापी राजासमोर नित्य उभे राहावयाचे, तर नुसती बोटे कुशल असून भागणारे नव्हते.

२. कुंभकोणमचा दाखला

हीच गोष्ट आपल्या देशाच्या इतिहासातही दिसते. तमिळनाडूत कावेरीकाठी कुंभकोणम हे नगर आहे. तेथे एका मराठीभाषक कुटुंबात १८२८ साली टी. माधवराव यांचा जन्म झाला. मद्रासला शिकून ते गणितात पारंगत झाले व अकाउंटंट जनरलच्या कचेरीत लागले. १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. शिक्षकाला विषय ठाऊक असावा लागतो, तसा धीरही असावा लागतो. ज्या दरबाराने त्यांना असे जवळून पाहिले, त्याच दरबाराने दहा वर्षांच्या आत त्यांच्यावर दिवाणपद सोपविले.

पुढे १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर बडोद्याचा विस्कटलेला कारभार त्यांच्या हाती आला. खजिन्याचा हिशेब बसवावयाचा, इंग्रज अधिकारी व जुने सरदार यांना सांभाळावयाचे आणि अल्पवयीन सयाजीरावांना राज्यकारभारही शिकवावयाचा! तेथे अंकगणित एकटे पुरे पडले नसते आणि गोड वाणीही एकटी पुरी पडली नसती. माधवराव ख्रिस्ती नव्हते. तरी चांगल्या देणग्यांचा दाता एकच देव आहे (याकोब १:१७), म्हणून त्यांच्यापासून शिकण्यात आपणांस संकोच नसावा.

३. मुखवटा नको

लोकांची मने जिंकण्याची कला अबशालोमालाही अवगत होती (२ शमुवेल १५:१-६). पण तिच्यात खरेपणा नव्हता. मुलाखतीपुरती धारण केलेली नम्रता फार दिवस टिकत नाही. दाविदाची घडण राजवाड्यात नव्हे, मेंढरांमागे झाली. रणभूमीकडे निघतानाही त्याने आपली मेंढरे प्रथम राखणदाराच्या स्वाधीन केली (१७:२०). दुसऱ्याचे पुरते ऐकून घेणे, वेळ पाळणे, चूक कबूल करणे व सोबत्याच्या श्रमाचे श्रेय त्यालाच देणे, हे सारे घरी, वसतिगृहात आणि तरुण संघात आजच शिकता येते.

४. नकार मिळाला तर?

दोन्ही गुण असूनही दाविदावर शौलाने भाला उगारला (१८:१०-११). सद्गुणाला मोबदला मिळतोच असे नाही. तेव्हा आपली उणीव प्रामाणिकपणे शोधा, ती भरून काढा. परंतु एका नकारावरून देवाने आपणांस टाकले, असे मानू नका. परमेश्वर दाविदाबरोबर राजवाड्यात होता, तसाच रानातही होता.

मननासाठी प्रश्न

१. माझे हात अधिक शिकलेले आहेत की माझी जीभ?

२. माझ्याबरोबर काम करणारे माझी शिफारस करताना काय सांगतील?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या हातांना कौशल्य व आमच्या वाणीला सुज्ञता दे, आणि दोन्ही खरेपणात राख. आमेन.